चुकलेल्या शेकांची भरपाई कोण करणार?

तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला शेक, म्हणजे किरणोपचार, सुरू होण्याआधी एक आकडा सांगितला जातो: एकूण किती शेक घ्यायचे. ऑपरेशन झालेलं असेल तर बहुधा ३०, सगळी भिस्त शेकावरच असेल तर ३३ किंवा ३५. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सहा-सात आठवडे. यवतमाळ, गडचिरोली किंवा बुलढाण्याच्या एखाद्या गावातून आलेला माणूस तो आकडा ऐकतो आणि मनातल्या मनात हिशेब मांडतो: खोलीभाडं, सोबत राहणाऱ्याची बुडणारी मजुरी, शेतात पडून राहिलेली कामं. "दोनचार शेक राहिले त मंग घेऊन घेऊ," हे शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकांवर नेहमी ऐकू येतं. एकूण बेरीज भरली की झालं, असं त्याला वाटतं आणि ते साहजिकच आहे. बाकी सगळे हप्ते उशिरा भरले तरी चालतात, हाच त्याचा आयुष्यभराचा अनुभव असतो.

शेकाच्या बाबतीत ती बेरीज तशी भरत नाही. पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती कशी होते, याचा गेल्या काही दशकांत जो अभ्यास झाला, त्याने दोन शेकांमधला वेळ हा उपचाराचाच भाग असल्याचं दाखवून दिलं आहे. ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक आहे, पाठ्यपुस्तकात आहे, परीक्षेत विचारली जाते. पण आपल्या आरोग्य योजनांच्या हिशेबात तिला जागा नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ते सात आठवडे रुग्णाला मशीनजवळ टिकवून ठेवण्याचा खर्च औषधाच्या खर्चासारखाच सरकारने उचलायला हवा. आणि या क्षेत्रातल्या संशोधनावर आपण पैसा लावू, तेव्हा आपल्या रुग्णाचे दिवस कमी कसे होतील, हा प्रश्न सगळ्यात वर असायला हवा.

रोजच्या शेकाची नेहमीची मात्रा २ ग्रे असते (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक). एवढ्या किरणांनी एका पेशीतल्या डीएनएचा एकेक पदर सुमारे २,००० ठिकाणी तुटतो. दोन्ही पदर एकाच जागी तुटल्याच्या जागा ४० ते ८० असतात. एक पदर तुटला तर समोरचा शाबूत असतो, त्याच्याकडे बघून पेशी तुटलेला भाग भरून काढते आणि हे काम तिच्या सवयीचं आहे. दोन्ही पदर एकदम तुटले की मात्र ती अडचणीत येते. मग तिच्यापुढे मुख्यतः दोन रस्ते उरतात. पहिल्या रस्त्यात 'कू' नावाचं प्रथिन तुटक्या टोकांवर जाऊन बसतं, मागोमाग डीएनए-पीके हे एन्झाइम येतं आणि टोकं घाईघाईने जोडली जातात. काम लवकर होतं, पण सांध्यावरची काही अक्षरं गळतात, कधी भलतीच टोकं एकमेकांना जोडली जातात. दुसरा रस्ता बिनचूक आहे, पण त्यासाठी डीएनएची दुसरी प्रत आधीच तयार झालेली असावी लागते. त्या प्रतीवरून तुटलेला मजकूर जसाच्या तसा उतरवला जातो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही नावं आता बऱ्याच जणांच्या कानावर आली आहेत. त्यांचं काम या दुसऱ्या रस्त्यावर असतं, आणि ती बिघडली की स्तनाचा व अंडाशयाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात चालत येतो.

डीएनए-दुरुस्तीच्या कामासाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल थॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार या तिघांना मिळालं. त्यांनी उलगडलेले मार्ग वेगळे आहेत: खराब झालेलं एखादं अक्षर काढून टाकणं, नक्कल करताना झालेली चूक सुधारणं, उन्हातल्या अतिनील किरणांनी झालेली इजा कापून काढणं. पण पेशी स्वतःला सतत सांधत असते, ही मूळ गोष्ट त्यांच्या कामातून पक्की झाली. सँकार हे तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या छोट्याशा गावचे. संशोधनाकडे वळण्याआधी त्यांनी तिकडेच खेड्यात डॉक्टरकी केली होती. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात बसलेल्या एखाद्या तरुण डॉक्टरला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

शेक रोज थोडा थोडा का द्यायचा, हे मात्र डीएनएची रचना कळायच्या कितीतरी आधी अनुभवातून समजलं होतं. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. एकाच मोठ्या मात्रेत वृषणातली बीजनिर्मिती कायमची थांबवायची तर वरची कातडी जळून जायची. तीच मात्रा काही दिवसांत वाटून दिली, तर आतलं काम होत होतं आणि कातडी वाचत होती. आंरी कुतार यांनी हाच विचार घशाच्या कर्करोगावर लावला. त्याचं कारण पुढे कळलं. निरोगी पेशी बरीचशी दुरुस्ती सहा तासांत उरकते आणि दुसऱ्या दिवशीच्या शेकापर्यंत पुन्हा उभी राहते. कर्करोगाच्या अनेक पेशींमध्ये ही यंत्रणा अधू झालेली असते. कधी सांधणारी प्रथिनं बिघडलेली असतात, कधी 'दुरुस्ती होईपर्यंत विभाजन थांबव' असं बजावणारं पी-५३ हे प्रथिनच निकामी असतं. ती पेशी तुटक्या गुणसूत्रांसह पुढे जाते आणि विभाजनात मरते. हा फरक रोज थोडा थोडा साठत जातो. सगळा किरणोपचार या फरकावर उभा आहे.

आता याची दुसरी बाजू. गाठीतल्या ज्या पेशी मेल्या नाहीत, त्या स्वस्थ बसत नाहीत. १९८८ मध्ये विदर्स हे किरणोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या कर्करोगाच्या जुन्या नोंदी एकत्र करून दाखवलं की उपचार सुरू झाल्यावर साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागतात. निंदण अर्ध्यावर सोडलं की राहिलेलं तण मोकळ्या जागेत जोमाने फोफावतं, तसंच हे. तिथून पुढे ही वाढ नुसती रोखून धरायलाच रोज सुमारे ०.६ ग्रे खर्ची पडतात. उपचार एक दिवस लांबला की डोकं-मानेच्या कर्करोगात गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास घटते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचा आणि आतला (शरीरात स्रोत ठेवून दिलेला) शेक मिळून आठ आठवड्यांत संपवावा, असा दंडक त्यामुळेच आहे. ब्रिटनमधल्या रेडिओलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजने अशा रुग्णांसाठी ठरलेल्या मुदतीपेक्षा दोन दिवसांहून जास्त उशीर होता कामा नये, असं घालून दिलं आहे. फक्त दोन दिवस.

या आकड्यांच्या शेजारी एका शेतकऱ्याचं शेकाचं कार्ड ठेवतो. ते मी हातात धरून नीट पाहिलेलं आहे. निळ्या शाईतल्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे टेक्निशियनची बारीक सही. पहिल्या १४ शेकांपर्यंत सह्या ओळीने उतरत गेल्या होत्या. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तोंड आलं, गालफडाची आतली कातडी सोलवटून निघाली. पाणी प्यायलाही जीव घाबरायचा, भाकरीचं तर नावच नको. खोलीचे पैसे संपले होते, म्हणून ते शेतकरी काकाजी गावी गेले. परत आले तेव्हा वजन इतकं उतरलं होतं, की चेहऱ्याच्या मापाने केलेला जाळीचा मास्क ढिला पडला. मास्क ढिला असला की मान हलते, मान हलली की किरण भलतीकडे पडतात. त्यामुळे नवीन मास्क, नवीन सीटी, नवीन आखणी, त्यात आणखी दिवस गेले. पुढे सोयाबीनची सोंगणी आली, मग दिवाळी. कार्डाच्या शेवटी लाल शाईत लिहिलं होतं: ३३ पैकी ३३, कोर्स पूर्ण. साडेसहा आठवड्यांचं काम दहा आठवड्यांत झालं होतं. वरच्या ०.६ ग्रेच्या हिशेबाने ढोबळमानाने बघितलं तर वाया गेलेल्या दिवसांनी सात शेकांची ताकद खाऊन टाकली. कार्डावर ३३ होते, गाठीला पोचले ते २६ च्या जवळपास. काकाजींनी त्रास मात्र पुरत्या ३३ शेकांचा सोसला होता.

मध्ये घरी निघून गेले म्हणून काकाजींना बोल लावणाऱ्यांनी नकाशा उघडून बघावा. शेकाची मशीनं नागपूर, वर्धा-सेवाग्राम, अकोला अशा मोजक्या ठिकाणी आहेत. सिरोंच्याहून नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा रस्ताच बंद होतो. मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीला यायचं तर घाट उतरण्यातच अर्धा दिवस जातो. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा ज्या गावाला दिवसातून एकच गाडी होती, तिथल्या माणसाने रोजचा शेक कसा गाठावा? रेल्वेची कर्करोग-रुग्णांसाठीची सवलत चांगली आहे, पण गडचिरोलीच्या दक्षिण भागात रेल्वेच नाही. शेतीचं वेळापत्रकही कुणासाठी थांबत नाही. जूनमध्ये पेरणी, पूर्वेकडे जुलैत धानाची रोवणी, मग सोंगणी, मग कापूसवेचणी. वर्षात असे सलग सात आठवडे नाहीत, की ज्यांत घरातला कर्ता माणूस आणि त्याच्या सोबतीला आणखी एक हात शहरात बसून राहील आणि घरी काही बुडणार नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने मोठं काम केलं आहे, हे मान्यच करायला हवं. पूर्वी शेकासाठी शेत गहाण पडायचं, आता योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. शेकाचा खर्च त्यात बसतो. भरती रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचं एकवेळचं एसटीभाडंही बसतं. पण शेकाचा रुग्ण बहुतेकदा भरती नसतो. तो सकाळी येतो, दहा-पंधरा मिनिटं टेबलावर पडून राहतो आणि बाहेर पडतो. उरलेला दिवस आणि रात्र तो कुठे काढतो, हे कुठल्याही पॅकेजमध्ये लिहिलेलं नाही. काही रुग्णालयांजवळ धर्मशाळा आहेत, काही संस्था दोन वेळचं जेवण देतात. त्यांच्यामुळे असंख्य लोकांचे उपचार पूर्ण झाले आहेत. पण ज्या गोष्टीवर गाठ बरी होणं न होणं अवलंबून आहे, ती दानशूरांच्या भरवशावर का सोडायची? सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाची बाटली आपण दानावर सोडत नाही.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सगळ्या जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं उघडण्याचं जाहीर केलं. केमोसाठी त्याचा मोठा उपयोग होईल, हेलपाटे वाचतील. शेकाचा प्रश्न त्याने सुटत नाही. "मग प्रत्येक जिल्ह्यात एक मशीन बसवा," असं लगेच म्हटलं जातं. मशीनं वाढायलाच हवीत, पण एकेकटं मशीन हाही धोकाच असतो. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे विजेवर किरण तयार करणारं शेकाचं मशीन, बिघडलं आणि सुटा भाग यायला दहा दिवस लागले, तर त्या दहा दिवसांत तिथल्या प्रत्येक रुग्णाचा उपचार तुटतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर बनलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्ट मशीन विजेच्या लपंडावात जास्त टिकाव धरतं. पण कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं असतं. स्रोत जुना झाला की तोच शेक द्यायला जास्त मिनिटं लागतात आणि दिवसभरात कमी रुग्ण होतात. भौतिकतज्ज्ञ आणि प्रशिक्षित टेक्निशियन नसतील तर दोन्ही मशीनं कुलपात राहतात. म्हणून एका जागी एकमेकांशी जुळवलेली दोन मशीनं, शनिवारीही काम करणारी माणसं आणि शेजारी शंभर रुग्णांच्या मुक्कामाची सोय, ही रचना मला चार ठिकाणी विखुरलेल्या चार एकाकी मशीनांपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

संशोधनाकडे येतो, कारण त्यावरही एक आक्षेप हमखास निघतो: आपल्याकडे खाटा नाहीत, मशीनं नाहीत, तर डीएनएचा अभ्यास कसला करत बसता? तो पैसा खाटांना द्या. या आक्षेपामागची कळकळ मला समजते, पण तो मला पटत नाही. दुरुस्तीचं विज्ञान समजलं म्हणून तर दिवस कमी करता आले. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी शस्त्रक्रियेनंतर पाच आठवडे शेक असायचा. स्तनाच्या गाठीतल्या पेशी मोठ्या मात्रेला बऱ्याच अंशी आजूबाजूच्या निरोगी पेशींसारखाच प्रतिसाद देतात, असं लक्षात आलं. त्यामुळे रोजची मात्रा थोडी वाढवून दिवस घटवण्याची वाट मोकळी झाली. आधी तीन आठवडे, १५ शेक. मग ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने २०२० मध्ये दाखवलं, की एका आठवड्यात पाच शेकांत दिलेली २६ ग्रेची मात्रा पाच वर्षांच्या पाठपुराव्यात तीन आठवड्यांच्या उपचाराच्या मागे पडत नाही. ही पद्धत लागू पडेल अशा धारणीच्या बाईसाठी पाच आठवडे आणि पाच दिवस यांत किती अंतर आहे, हे मी निराळं सांगायला नको.

तोंडाच्या कर्करोगाला हे गणित जसंच्या तसं लावता येत नाही, कारण त्या पेशींचा स्वभाव वेगळा आहे. पण तिथेही वाटा निघाल्या आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने गरीब आणि मध्यम देशांतल्या रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. शेक तेवढेच, मात्रा तेवढीच, फक्त आठवड्याला पाचऐवजी सहा. पाच वर्षांनी गाठ आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. नवं औषध नाही, नवं मशीन नाही, फक्त शनिवार. त्याच संस्थेने पुढे ३३ शेकांची तुलना चार आठवड्यांत संपणाऱ्या २० शेकांशी केली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. कमी शेकांचा गट मागे पडला नाही. उद्यापासून सगळ्यांना वीसच शेक द्या, असं मी म्हणत नाही. केमोसोबत ही पद्धत कशी चालते, आधीच आखडलेल्या तोंडावर तिचा उशिरा काय परिणाम होतो, हे बघावं लागेल. पण ते बघायचं तर विदर्भासारखी जागा दुसरी कुठली?

कारण आमचा कर्करोग पुस्तकातला नाही. पश्चिमेकडे घशाच्या, टॉन्सिलच्या कर्करोगाचं मोठं कारण एचपीव्ही विषाणू आहे. त्या गाठींमध्ये डीएनए-दुरुस्ती कमजोर असते, त्या शेकाला लवकर दबतात. म्हणून तिथलं बरंच संशोधन मात्रा कमी कशी करता येईल, यावर चालतं. आमच्याकडे खर्रा आहे. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, पुडी खिशात टाकायची आणि दिवसभर गालात धरून ठेवायची. दहावी-बारावीतली पोरंही त्यात आहेत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र समोर बसून ताजा घोटून मिळतो. तंबाखूतली नायट्रोसमाइन ही कर्करोगकारक रसायनं डीएनएला चिकटतात, पेशी ते काढत राहते. सुपारी आतली कातडी कठीण करते, मग तोंडात दोन बोटंही जात नाहीत. वर्षानुवर्षं दुरुस्ती करून दमलेल्या, पी-५३ गमावलेल्या पेशींतून ही गाठ उभी राहते. तिला पश्चिमेतली मात्रा कमी करण्याची भाषा लागू होत नाही. गडचिरोलीत 'मुक्तिपथ'सारखं तंबाखू-दारूविरोधी काम चाललं आहे आणि खर्रा सुटणं हाच खरा इलाज आहे, यात वाद नाही. पण आज ज्याच्या गालात गाठ आहे, त्याच्यासाठी तो इलाज उशिरा आला.

दुरुस्ती अडवणारी औषधं शेकासोबत देण्यावर जगभर काम चालू आहे. २००५ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की बीआरसीए बिघडलेल्या पेशीत पार्प हे दुसरं प्रथिनही बंद केलं तर ती पेशी जगू शकत नाही. ओलापॅरिब हे औषध त्यातूनच आलं. आता डीएनए-पीके आणि एटीआर या दुरुस्तीच्या कामातल्या प्रथिनांना रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या होत आहेत. त्यात मोठी अडचण अशी, की शेक पडलेल्या निरोगी कातडीचीही दुरुस्ती अडते. ज्याचं तोंड आधीच सोलवटलंय, त्याला हे औषध किती झेपेल? शिवाय किंमत. याउलट टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचा विचार करून प्रश्न निवडले. मूत्रपिंड किंवा कान कमजोर असल्याने ज्यांना सिसप्लॅटिन देता येत नाही, अशांना शेकासोबत दर आठवड्याला डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधाची छोटी मात्रा दिली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षं जगलेल्यांचं प्रमाण सुमारे ४२ वरून ५१ टक्क्यांवर गेलं. औषध जुनं आणि स्वस्त, प्रश्न आपला. मला हवंय ते या जातीचं संशोधन, आणि ते मुंबईपुरतं राहू नये.

एक प्रश्न तर खास आमच्याच वाट्याचा आहे. किरणांनी डीएनएवर झालेली इजा पक्की होते ती ऑक्सिजनमुळे. ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते, हे ग्रे या शास्त्रज्ञाने (मात्रेच्या एककाला त्यांचंच नाव आहे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच मांडलं. आता विदर्भातल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन बघा. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. गर्भाशयमुखातून महिनोन्‌महिने रक्त गेलेली बाई शेकाच्या टेबलावर येते, तेव्हा तिच्या गाठीला ऑक्सिजन किती पोचत असेल? नुसतं हिमोग्लोबिन चढवून भागतं, असंही नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एरिथ्रोपोएटिन हे रक्तपेशी वाढवणारं औषध देऊन ते वाढवलं, वाढलंही, पण गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण उलट घसरलं. मग रक्त द्यावं, लोह द्यावं, की आणखी काही? सिकलसेलच्या रुग्णाचं काय करावं? हे प्रश्न ऑक्सफर्ड किंवा ह्यूस्टनच्या यादीत वर येणार नाहीत, कारण असा रुग्ण त्यांच्या दारात बसलेला नाही. तो सेवाग्रामच्या आणि नागपूरच्या दारात बसलेला आहे. त्याला सामील करून घ्यायचं तर संमतीपत्र त्याला समजेल अशा वऱ्हाडीत, गोंडीत, माडियात, कोरकूत समजावून सांगणारी माणसं लागतील. दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल, वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागेल. या कामाला पैसा लागतो. तो खाटांच्या पैशातून काढून घ्यावा, असं मी म्हणत नाही, पण खाटांचं कारण सांगून तो नाकारलाही जाऊ नये.

दरम्यान जे आज करता येतं, ते करायला कुठल्याही नव्या शोधाची गरज नाही. शेक चुकला तर त्याच आठवड्यात भरून काढण्याच्या पद्धती आहेत. शनिवारी शेक देता येतो, किंवा एका दिवशी दोन शेक, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. ते सहा तास निरोगी पेशींच्या दुरुस्तीसाठीच राखलेले असतात. दिवाळीच्या सुट्या, मशीनची देखभाल हे आधीच माहीत असतं, त्याची भरपाई आधीच आखता येते. तोंड येणार, हेही पहिल्याच दिवशी ठाऊक असतं. आहारतज्ज्ञाने दुसऱ्या आठवड्यातच रुग्णाला गाठलं, गरज असेल तर नाकातून नळी घातली, तर वजन आणि मास्क दोन्ही टिकतात. आणि प्रत्येक केंद्राने कोर्स संपताना दोन आकडे लिहावेत: किती दिवसांत संपायला हवा होता आणि किती दिवसांत संपला. चुकलेल्या प्रत्येक दिवसापुढे कारण असावं. 'रुग्ण गैरहजर' एवढ्यावर भागवू नये. पूर होता, मशीन बंद होतं, की पैसे संपले होते, हे स्पष्ट लिहावं.

हे आकडे जमले की कुणीतरी सुचवेल, की वेळेत कोर्स संपवणाऱ्या रुग्णालयाला बक्षीस द्या, न संपवणाऱ्याचे पैसे कापा. ते मात्र करू नये. तसं केलं तर जवळच्या, धडधाकट, सोबत माणूस असलेल्या रुग्णाला आधी घेतलं जाईल आणि भामरागडच्या म्हाताऱ्याला 'पुढच्या महिन्यात या' सांगितलं जाईल. पैसा रुग्णाच्या मुक्कामाला जोडावा. शेकाचं पॅकेज मंजूर होईल त्याच दिवशी त्याच कागदावर मशीनजवळची खोली, दोघांचं जेवण आणि सोबत राहणाऱ्याची रोजगार हमीच्या दराने मजुरी मंजूर व्हावी. रक्कम थेट सोबत राहणाऱ्याच्या खात्यात आठवड्याच्या आठवड्याला जमा व्हावी, कोर्स संपल्यानंतर एकरकमी नको, कारण खोलीवाला भाडं दर आठवड्याला मागतो.